एकच शोकांतिका निवडायची असेल तर: ‘द चेंजलिंग’, ‘विमेन बिवेअर विमेन’ की ‘द डचेस ऑफ माल्फी’?

शेक्सपिअरची ‘ऑथेल्लो’, ‘मॅकबेथ’ आणि ‘हॅम्लेट’ ही नाटके मूळ इंग्रजीतून, किंवा देवलांचा ‘झुंझारराव’ आणि आगरकरांचे ‘विकारविलसित’ यांसारख्या जुन्या रूपांतरांतून ज्यांच्या परिचयाची झाली आहेत, अशा वाचकांपुढे एक साधा पण अवघड प्रश्न उभा राहतो. त्याच काळात, त्याच लंडन शहरात, इतर नाटककारांनी लिहिलेल्या शोकांतिकांपैकी पहिली कोणती हाती घ्यावी? चारशे वर्षांपूर्वीच्या पद्यमय इंग्रजीतले एक नाटक टिपांसह नीट वाचायचे म्हटले तर दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि एखाद्या अभ्यासमंडळाने किंवा हौशी नाट्यसंस्थेने ते अभिवाचनासाठी घेतले तर त्याहून अधिक. पहिली निवड चुकली, तर ही सगळी नाटके म्हणजे खून, विष आणि भुते यांचा निव्वळ धुमाकूळ आहे अशी समजूत पक्की होते आणि वाचक पुन्हा त्या वाटेला जात नाही.

म्हणून येथे तीन नाटके शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत. जॉन वेबस्टरचे ‘द डचेस ऑफ माल्फी’ 1613-14 च्या सुमाराचे, टॉमस मिडलटनचे ‘विमेन बिवेअर विमेन’ साधारण 1621 चे, आणि मिडलटन व विल्यम रोली या दोघांनी मिळून लिहिलेले ‘द चेंजलिंग’ 1622 चे. तिन्ही नाटकांत एक स्त्री घरच्यांनी आखून दिलेली वाट सोडून स्वतःच्या मनाचा पुरुष निवडते किंवा निवडू पाहते, तिन्हींत ती निवड टिकवण्यासाठी खोटेपणाचा आधार घेतला जातो, आणि तिन्हींचा शेवट प्रेतांनी भरलेल्या रंगमंचावर होतो. कथानकाचा सांगाडा इतका सारखा असल्यामुळेच, वासना माणसाला कशी नासवते या प्रश्नाकडे तीन निरनिराळ्या दिशांनी पाहता येते.

माझा कल लपवून ठेवण्यात अर्थ नाही. कोणते नाटक अधिक भीषण किंवा कोणाची भाषा अधिक सुंदर, या कसोट्यांवर निवड करू नये. नासण्याची क्रिया कोणाच्या अंगी घडते आणि ती घडताना आपल्याला दिसते की नाही, यावर ती करावी. या कसोटीवर ‘द चेंजलिंग’ मला इतर दोन नाटकांच्या पुढे वाटते, आणि ‘डचेस’ हे तिघांत सर्वांत अधिक वाचले जाणारे, सर्वांत उदात्त नाटक असूनही, याच विषयासाठी निवडल्यास थोडी दिशाभूल करणारे आहे. ‘विमेन बिवेअर विमेन’ची गोष्ट वेगळी, त्याचे पहिले चार अंक आणि पाचवा अंक ही जवळजवळ दोन निराळी नाटके आहेत.

आधी ही नाटके कोणत्या हवेत लिहिली गेली ते पाहणे आवश्यक आहे. पहिल्या जेम्सच्या कारकिर्दीत दरबाराभोवती जी दुष्कीर्ती पसरली होती, तिचे सर्वांत ठळक प्रकरण म्हणजे सर टॉमस ओव्हरबरीचा खून. फ्रान्सिस हॉवर्ड या सरदारकन्येचा अर्ल ऑफ एसेक्सशी झालेला विवाह, शरीरसंबंधच घडला नाही या कारणास्तव, 1613 मध्ये रद्द ठरवण्यात आला. त्यासाठी तिच्या कौमार्याची स्त्रियांकरवी तपासणी झाली, आणि तपासणीसाठी चेहरा झाकून दुसरीच मुलगी पुढे केली होती अशी कुजबुज शहरभर झाली. त्याच वर्षी, तिच्या नव्या लग्नाला विरोध करणारा ओव्हरबरी टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत विषाने मेला. 1616 मध्ये फ्रान्सिस आणि तिचा दुसरा पती रॉबर्ट कार दोषी ठरले, पण फाशी टळली, आणि जानेवारी 1622 मध्ये दोघे टॉवरमधून सुटले. ‘द चेंजलिंग’ला प्रयोगाचा परवाना मिळाला तो 7 मे 1622 रोजी. त्या नाटकात कौमार्याची परीक्षा आहे, लग्नाच्या रात्री पलंगावर पाठवलेली दुसरी मुलगी आहे, आणि नको असलेला पुरुष दूर करण्यासाठी केलेला खून आहे. घटनास्थळ स्पेनमधले आलिकांते असले, तरी ड्रुरी लेनवरच्या फिनिक्स नाट्यगृहातील प्रेक्षकाला नकाशा पाहण्याची गरज नव्हती.

इतर दोन नाटकांची मुळेही खऱ्या घटनांत आहेत. माल्फीची डचेस म्हणजे आरागॉन घराण्यातील जोव्हाना. तिने आपल्या घरच्या कारभाऱ्याशी, अंतोनियो बोलोन्याशी, गुपचूप लग्न केले, आणि 1513 मध्ये मिलानमध्ये अंतोनियोचा खून झाला. ‘विमेन बिवेअर विमेन’च्या बियांकामागे बियांका कापेल्लो आहे. ही व्हेनिसमधून पळून आलेली तरुणी पुढे फ्लोरेन्सच्या फ्रान्चेस्को द मेदिचीची आधी प्रेयसी आणि मग पत्नी झाली; ऑक्टोबर 1587 मध्ये ती दोघे एका दिवसाच्या अंतराने मरण पावली आणि विषाचा संशय कायमचा मागे राहिला. इटली आणि स्पेन हे पापाचे देश, अशी सोय इंग्रज नाटककारांनी करून ठेवली होती. परदेशाचे नाव घेतले की घरचे बोलता येत असे.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक नाटकात इच्छा कोणत्या रूपात येते?

‘डचेस’मध्ये ती निर्मळ आहे. विधवा डचेस पहिल्याच अंकात आपल्या कारभाऱ्याला हिशेबाच्या निमित्ताने बोलावते, त्याचा डोळा लाल झाला आहे असे म्हणून डोळ्यांना गुणकारी म्हणून स्वतःची अंगठी त्याला देते, आणि ही लग्नाची अंगठी आहे हे त्याला कळेपर्यंत त्याची मिश्किलपणे फिरकी घेत राहते. पडद्याआड तिची दासी कॅरिओला साक्षीदार म्हणून उभी आहे. या संपूर्ण नाट्यपरंपरेत मागणी घालण्याचा इतका प्रसन्न, इतका धीट आणि इतका मानवी प्रवेश क्वचितच सापडेल. विधवेने पुन्हा लग्न करायचे नाही, ही तिच्या दोन भावांची आज्ञा; आणि एकोणिसाव्या शतकातील विधवाविवाहाच्या वादाची कल्पना असलेल्या मराठी वाचकाला त्या आज्ञेतली घराण्याच्या अब्रूची भाषा समजावून सांगावी लागत नाही. खरी किडलेली इच्छा आहे ती तिचा जुळा भाऊ फर्डिनंड याची. बहिणीच्या शरीराविषयी तो ज्या तपशिलाने आणि ज्या संतापाने बोलतो, त्यातून त्याला स्वतःला नीटसे न उमगलेले काहीतरी बाहेर येत राहते. म्हणजे या नाटकात नासलेली माणसे भोवती आहेत, आणि मध्यभागी उभी असलेली स्त्री अखेरपर्यंत न नासता राहते.

‘विमेन बिवेअर विमेन’मध्ये इच्छेला भाव असतो. बियांका श्रीमंत घर सोडून लिआंशियो या सामान्य कारकुनाबरोबर पळून येते. हे धन चोरीला जाऊ नये म्हणून तो तिला आईच्या घरात दडवून ठेवतो आणि कामाला निघून जातो. वार्षिक मिरवणुकीत ड्यूक खिडकीकडे पाहतो आणि पुढचे सर्व काही ठरते. दुसऱ्या बाजूला इझाबेला या मुलीचे लग्न एका श्रीमंत पण मठ्ठ मुलाशी ठरवले जात आहे. हा मुलगा विटीदांडूसारख्या खेळात दंग असतो, आणि मुलगी पाहायला येतो तेव्हा तिचे दात दिसावेत, चाल दिसावी म्हणून युक्त्या करतो. इझाबेला एके ठिकाणी म्हणते की पुरुष पैसे देऊन गुलाम विकत घेतात, स्त्रिया मात्र पैसे देऊन आपला मालक विकत घेतात. हुंड्याविषयी इतके नेमके वाक्य मी अन्यत्र वाचलेले नाही. ‘संगीत शारदा’तला बाप मुलीच्या लग्नातून पैसे घेणारा आहे आणि हा बाप देणारा, पण सौद्यात मुलीला विचारायचे नसते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

‘द चेंजलिंग’मधली इच्छा सर्वांत साधी दिसते, आणि म्हणून सर्वांत धोकादायक आहे. बिआट्रिस-जोआना या किल्लेदाराच्या मुलीचे लग्न आलोन्झोशी ठरलेले असताना ती चर्चमध्ये आल्सेमेरोला पाहते आणि तिला तोच हवासा वाटतो. वडिलांच्या पदरी डी फ्लोरेस नावाचा कुरूप नोकर आहे. त्याच्या नुसत्या दर्शनाने तिला शिसारी येते, आणि तो मात्र दिवसातून अनेकदा काही ना काही कारण काढून तिच्यासमोर येतो. पहिल्याच प्रवेशाच्या अखेरीस तिचा हातमोजा खाली पडतो, तो उचलून देतो, आणि त्याने स्पर्श केला म्हणून ती दुसराही काढून फेकते. ती गेल्यावर तो त्या मोज्यांत आपली बोटे घालून पाहतो. पुढच्या नाटकाचे सारे बीज या छोट्या क्रियेत आहे. पण तिची लालसा दुष्ट म्हणावी अशी नाही. हवे ते मिळण्याची सवय असलेल्या, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी द्यायची असते असे गृहीत धरणाऱ्या, लाडावलेल्या मुलीची ती लालसा आहे. तिला वाटते, हा नोकर पैशाचा भुकेला आहे; त्याच्याशी दोन गोड शब्द बोलावेत, आलोन्झोचा काटा काढून घ्यावा आणि पैसे देऊन त्याला देशाबाहेर पाठवावे. एका दगडात दोन पक्षी.

त्यानंतर येणारा तिसऱ्या अंकातला प्रवेश वाचून मगच निवड करावी, असे मी सुचवेन. डी फ्लोरेस खून करून परततो आणि पुरावा म्हणून आलोन्झोचे कापलेले बोट पुढे करतो, कारण बोटातली अंगठी निघेना. ती दचकते. ही अंगठी वडिलांनी तिला आलोन्झोकडे पहिली भेट म्हणून पाठवायला लावलेली होती. तो म्हणतो, मी त्याला ती शेवटची भेट म्हणून परत पाठवायला लावली. ती बोट पुरून टाकायला सांगते आणि तो हिरा तीनशे डुकाटांच्या जवळपास किमतीचा आहे, तो तूच ठेव, असे सुचवते. तो फारसा हलत नाही. मग ती तीन हजार सोन्याचे फ्लोरिन देऊ करते, मग रक्कम दुप्पट करायला तयार होते, आणि वाचकाच्या हळूहळू लक्षात येते की प्रत्येक वाढीव आकड्याबरोबर तो अधिकच दुखावला जात आहे. भाडोत्री मारेकऱ्यांत आपली गणना व्हावी हे त्याला मान्य नाही. त्याला काय हवे आहे, हे तो स्पष्ट बोलू लागतो तेव्हा ती शालीनतेची भाषा वापरते, आणि त्यावर तो तिला ऐकवतो की रक्तात बुडालेल्या स्त्रीने लाजेच्या गोष्टी कशाला कराव्यात. ती दोघांच्या जन्मातले अंतर दाखवते. तो म्हणतो, तुझे कूळ आता शोधायचे असेल तर तुझ्या सदसद्विवेकात शोध, कारण या कृत्याने तुला नवा जन्म दिला आहे आणि तू आता त्या कृत्याचीच आहेस.

या प्रवेशात आवाज चढवण्याची गरज नाही, कोणी कोणाला मारत नाही, आणि तरीही एका माणसाचे आत्मभान त्याच्याच डोळ्यांसमोर मोडून पडते. बिआट्रिस आधी पापी नव्हती आणि नंतर झाली, असे येथे घडत नाही. आपण काय केले आहे, हे तिला प्रथमच दुसऱ्याच्या तोंडून समजते, आणि समजल्यावरही ती मागे फिरत नाही. टी. एस. एलियटने 1927 च्या आपल्या निबंधात, शोकांतिकेच्या नैतिक गाभ्यापुरते बोलायचे तर या नाटकात मिडलटनच्या पुढे केवळ शेक्सपिअरच आहे, असे मत दिले होते. तो निकाल मला या एका प्रवेशाच्या जोरावर मान्य आहे. नंतरचे नाटक तितक्याच उंचीवर राहत नाही. आल्सेमेरोच्या कपाटातल्या बाटल्यांतले औषध घेतल्यावर कुमारिकेला आधी जांभई, मग शिंक, मग हसू येते आणि अखेर ती उदास होते, या परीक्षेचा प्रवेश आजच्या वाचकाला विचित्र वाटतो, आणि बिआट्रिस दासीवर प्रयोग करून लक्षणे पाठ करते व नवऱ्यासमोर हुबेहूब वठवते तेव्हा हसू आवरत नाही. पण ते हसू नाटककारांना हवेच आहे. तोवर ती अभिनयात इतकी तरबेज झालेली असते की डी फ्लोरेसविषयीची तिची शिसारी ओसरून तिची जागा विश्वासाने आणि जवळजवळ प्रेमाने घेतली आहे, हे आपल्या उशिरा लक्षात येते.

याच्या शेजारी ‘विमेन बिवेअर विमेन’मधला बुद्धिबळाचा प्रवेश ठेवावा. दोन नवरे गमावलेली, हसतमुख, गप्पिष्ट लिव्हिया ही लिआंशियोच्या आईला खेळायला बसवते. तेवढ्यात वाड्यातली चित्रे आणि पुतळे दाखवण्याच्या मिषाने बियांकाला वर नेले जाते, आणि तेथे ड्यूक वाट पाहत असतो. खाली पटावरच्या सोंगट्यांविषयी जे बोलले जाते ते प्रत्येक वाक्य वर घडणाऱ्या गोष्टीलाही लागू पडते, आणि बिचारी सासू आपली नजर मंद झाली आहे असे म्हणत एक एक मोहरा हरत जाते. रंगमंचाचे दोन मजले एकाच वेळी वापरण्याचे इतके कठोर उदाहरण दुसरे आठवत नाही. (बुद्धिबळ मिडलटनच्या हाडीमाशी खिळले असावे, 1624 मध्ये त्याने स्पेनवर टीका करणारे एक अख्खे नाटकच पटाच्या रूपकावर रचले, आणि स्पॅनिश राजदूताच्या तक्रारीमुळे ते थांबवले जाण्यापूर्वी ग्लोब नाट्यगृहात त्याचे सलग नऊ प्रयोग झाले.) वर जे घडते ती संमती म्हणायची की बळजबरी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, माझ्या मते राज्यकर्ता दार अडवून उभा असताना तेथे संमतीला जागाच नाही. पण मिडलटनची खरी निर्दयता त्यानंतर दिसते. खाली आलेली बियांका आधी तिला वर नेणाऱ्या मध्यस्थाला शिव्याशाप देते, आणि थोड्याच वेळात सासूच्या घरात अमुक नाही, तमुक नाही म्हणून कुरकुर करू लागते. तिचा नवरा घरी परततो आणि ती त्याला जवळ येऊ देत नाही. त्याची भरपाई म्हणून ड्यूक त्याला एका किल्ल्याचा अधिकार देतो आणि तो ती नेमणूक स्वीकारतोही. पुढे लिव्हियाने दिलेल्या उंची कपड्यांत तो बियांकासमोर मिरवायला जातो. येथे कोणाचाही विवेक एका फटक्यात तुटत नाही. प्रत्येकाला हळूहळू काहीतरी मिळत जाते, आणि मिळालेले परत करायला कोणीच तयार नसते.

खोटेपणाची तुलना केली तर फरक आणखी स्पष्ट होतो. डचेसही खोटे बोलते. अंतोनियोला वाचवण्यासाठी ती त्याच्यावर हिशेबात अफरातफर केल्याचा आरोप करून त्याला उघडपणे कामावरून काढते, आणि नंतर लोरेतोच्या यात्रेचे निमित्त करते. हे खोटे दुसऱ्याचे रक्षण करण्यासाठी आहे, आणि गंमत अशी की ती फसते ती खोटे बोलल्यामुळे नाही, तर फर्डिनंडचा हेर बोसोला याने अंतोनियोची मनापासून स्तुती केल्यावर त्याच्याशी खरे बोलल्यामुळे. लिव्हियाचे खोटे दुसऱ्याच जातीचे आहे: आपला भाऊ हिपोलिटो स्वतःच्या पुतणीवर, इझाबेलावर, आसक्त आहे हे कळल्यावर ती इझाबेलाला सांगते की तू माझ्या दुसऱ्या भावाची, म्हणजे ज्याला बाप समजतेस त्याची, मुलगीच नाहीस, तेव्हा तो तुझा काका लागत नाही. भावावरच्या मायेपोटी, हसत हसत, एका वाक्यात ती दोघांना नरकात ढकलते. बिआट्रिसचे खोटे मात्र मुख्यतः स्वतःशीच आहे. बाकीच्यांना ती नंतर फसवते.

नासण्याची क्रिया जवळून पाहायची असेल तर ‘डचेस’मध्ये नायिकेकडे पाहू नये, बोसोलाकडे पाहावे. डचेसचा दुसरा भाऊ, चर्चचा बडा धर्माधिकारी असलेला कार्डिनल, याच्यासाठी केलेल्या खुनापायी गलबतावर शिक्षा भोगून आलेला हा हुशार, कडवट माणूस फर्डिनंडकडून सोने आणि डचेसच्या तबेल्याचे अधिकारपद घेतो, आणि हे पद म्हणजे लाच आहे हे त्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. डचेस गर्भवती आहे याची खात्री करण्यासाठी तो तिला जर्दाळू खायला देतो. ती हावऱ्यासारखी खाते आणि तिला त्रास होऊ लागतो. तोच पुढे फर्डिनंडने मांडलेल्या तिच्या छळात सामील होतो: अंधारात हातात दिलेला मेलेल्या माणसाचा हात, नवरा व मुले मेल्याचा भास निर्माण करणाऱ्या मेणाच्या आकृत्या, वेड्यांचा नाच. एवढे सारे होऊनही मी अजून माल्फीची डचेसच आहे असे ती म्हणते, आणि गुडघे टेकून मरण पत्करते. तिच्या प्रेतासमोर फर्डिनंड तिचा चेहरा झाकायला सांगतो, डोळे दिपतात म्हणतो, ती तरुणपणीच गेली म्हणतो. ज्याने हुकूम दिला त्याच्याच तोंडी वेबस्टरने एकाच ओळीत ही तीन तुटक वाक्ये घातली आहेत. बोसोला मोबदला मागतो तो नेमका या क्षणी, आणि त्याला काहीच मिळत नाही. डी फ्लोरेसने पैसे नाकारले होते, बोसोलाला ते हवे आहेत. दोघांचा शेजारी शेजारी अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला एक उत्तम निबंध सहज सापडेल.

अडचण अशी की डचेस मरते ती चौथ्या अंकात. उरलेला एक अंक तिच्याशिवाय चालवायचा असतो. आपण लांडगा झालो या भ्रमाने फर्डिनंड रात्री थडगी उकरत फिरतो, कार्डिनलची रखेल विष लावलेल्या पवित्र ग्रंथाचे चुंबन घेऊन मरते, आणि अंधारात चुकीच्या माणसाला भोसकले जाते. वेबस्टरच्या काव्यासाठी हे सारे सहन करता येते, पण ताण सैल पडतो हे नाकारता येत नाही. ‘विमेन बिवेअर विमेन’ची अवस्था त्याहून बिकट आहे. चार अंक अत्यंत संयमाने, जवळजवळ गद्यासारख्या शांत पद्यात चाललेले हे नाटक पाचव्यात लग्नसमारंभातल्या एका मुखवटानाट्यावर येऊन आदळते. विषारी धूप, विषारी बाण, अंगावर फेकलेले जळते सोने, सुळे रोवलेला सापळा आणि भलत्याच माणसाने प्यायलेला विषाचा पेला यांनी जवळजवळ सगळी मुख्य पात्रे काही मिनिटांत संपतात. प्रयोगात हा अंक हास्यास्पद होऊ न देणे ही दिग्दर्शकाची खरी परीक्षा. 1986 मध्ये हॉवर्ड बार्करने लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहासाठी या नाटकाचा उत्तरार्धच नव्याने लिहिला, यावरून ही अडचण केवळ आपल्यालाच भासते असे नाही, हे दिसते.

‘द चेंजलिंग’चा दोष वेगळ्या ठिकाणी आहे. त्यात वेड्यांच्या इस्पितळाचे एक उपकथानक आहे: मत्सरी म्हाताऱ्या डॉक्टरची तरुण बायको इझाबेला (‘विमेन बिवेअर विमेन’मधल्या मुलीचेच नाव, पण ही वेगळी), तिच्यासाठी वेडाचे व मूर्खपणाचे सोंग घेऊन आत शिरलेले दोन प्रेमिक, आणि तिच्यावर डोळा असलेला रखवालदार. हा भाग आणि नाटकाचा प्रारंभ व शेवट रोलीने लिहिले असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातला विनोद आज शिळा झाला आहे आणि मनोरुग्णांविषयीची त्याची वागणूक आजच्या वाचकाला टोचते, यात शंका नाही. म्हणून ते गाळून फक्त मुख्य कथा करण्याचा मोह दिग्दर्शकांना होतो. माझ्या मते ते गाळू नये, कमी करावे. इझाबेलावरही नवऱ्याचा पहारा आहे, तिच्याभोवतीही पुरुष घुटमळतात, रखवालदारही गुपिताच्या बदल्यात आपला वाटा मागतो, आणि तरीही ती सावध राहते. ही स्त्री नजरेसमोर नसली तर बिआट्रिसचे जे झाले ते अटळच होते असे वाटू लागते. तसे ते नव्हते.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहता, ‘द चेंजलिंग’ तिघांत आखूड आहे आणि त्याची भाषा सर्वांत बोलकी आहे. पात्रे प्रेक्षकांकडे वळून जी स्वगते बोलतात ती समजली की निम्मे नाटक समजले. ‘डचेस’ची भाषा घट्ट, उपमांनी लगडलेली आणि टिपांशिवाय अवघड आहे, पण मोठ्याने वाचल्यावर तिच्याइतका परिणाम इतर दोन्हींचा होत नाही. ‘विमेन बिवेअर विमेन’मध्ये नाती आणि दुहेरी कथानक ध्यानात ठेवण्यासाठी पहिल्या वाचनात कागदावर घराण्याचा तक्ता काढून ठेवावा. तिन्ही नाटके न्यू मर्मेड्स या टीपायुक्त मालिकेत आहेत. रंगमंचाचा विचार केला तर ‘डचेस’ला अंधार लागतो. ती ब्लॅकफ्रायर्सच्या मेणबत्त्यांनी उजळलेल्या बंदिस्त नाट्यगृहात होत असे, आणि 2014 मध्ये लंडनचे सॅम वॉनामेकर प्लेहाउस हे तशाच धर्तीचे मेणबत्त्यांचे नाट्यगृह सुरू झाले तेव्हा उद्घाटनासाठी हेच नाटक निवडले गेले. या सर्व नायिका त्या काळी मुलगे रंगवीत, हे स्त्रीपार्टाची परंपरा जाणणाऱ्या मराठी रसिकाला नवल वाटण्याजोगे नाही; पण बिआट्रिसच्या खोट्या जांभया एका मुलाने दिल्या असतील, हे लक्षात घेतले की कौमार्यपरीक्षेचा प्रवेश आणखी गुंतागुंतीचा होतो.

या तिघांबाहेरचे पर्याय थोडक्यात. जॉन फोर्डचे 1633 मध्ये छापलेले ‘टिस पिटी शीज अ होअर’ हे सख्ख्या भाऊबहिणीच्या प्रेमाचे नाटक धाडसी आहे, पण पहिले म्हणून नको. त्याच्या धक्क्याखाली बाकीचे काही ऐकू येत नाही. 1592 मध्ये छापलेले, लेखकाचे नाव नसलेले ‘आर्डन ऑफ फॅव्हरशॅम’ मात्र गंभीरपणे विचारात घ्यावे. केंट परगण्यातल्या एका गावी 1551 मध्ये बायकोने प्रियकराच्या साहाय्याने नवऱ्याचा केलेला खून हा त्याचा विषय. ना ड्यूक, ना कार्डिनल, ना इटली. आहेत ते जमिनीचे व्यवहार, पुन्हा पुन्हा फसणारे मारेकरी आणि जेवणाच्या मेजाभोवतीची माणसे. ज्यांना राजवाड्यांचा कंटाळा आहे त्यांनी येथून सुरुवात करावी.

एरवी, एकट्याने वाचणाऱ्याने आणि विद्यार्थ्याने ‘द चेंजलिंग’ घ्यावे, आणि ते आवडल्यास लगेच ‘विमेन बिवेअर विमेन’चे पहिले चार अंक वाचावेत. ज्याला प्रामुख्याने काव्य हवे आहे, किंवा नासलेल्या जगात ताठ उभी राहणारी व्यक्ती पाहायची आहे, त्याने ‘डचेस’ निवडावे. तेथे निराशा होणार नाही, फक्त विषय थोडा बदलेल. नाट्यसंस्थेने मात्र निर्णय नटांवर सोपवावा. डी फ्लोरेस बोट घेऊन येतो तो प्रवेश दोघांकडून बसल्या बैठकीत वाचून घ्यावा, आणि त्या नटाला एकदाही न ओरडता, दुखावलेल्या माणसाच्या स्वरात तो अखेरपर्यंत नेता आला तरच ‘द चेंजलिंग’ची तालीम सुरू करावी, त्याने तेथे खलनायक उभा केला, तर बोसोलासाठी त्याचा विचार करून ‘डचेस’ घ्यावे.